कौटुंबिक हिंसा: मदत नेमकी कुठे निसटते

प्रश्न असा आहे: हेल्पलाइन आहे, निवारागृह आहे, कायदा आहे, मारहाण करणाऱ्यांसाठी समुपदेशनाचे वर्गही आहेत. तरी तीच बाई तिसऱ्यांदा मदत मागायला येते आणि वर्ग पूर्ण करून सर्टिफिकेट घेतलेला माणूस पुन्हा मारतो. मग हे कार्यक्रम कुठे कमी पडतात?

कार्यक्रमांच्या आत उणिवा आहेतच, पण खरी गळती दोन कार्यक्रमांच्या मधे होते. निवारागृह किती जणी राहिल्या ते मोजतं, वर्ग हजेरी मोजतो, कोर्ट निकाली निघालेली प्रकरणं मोजतं. आज रात्री त्या घरात काय होणार आहे, हे कुणाच्याच रजिस्टरमध्ये नसतं. पुढे मी सोसणाऱ्या व्यक्तीला बहुतेक ठिकाणी 'ती' आणि मारणाऱ्याला 'तो' म्हणतो, कारण बहुतेक गंभीर प्रकरणांत चित्र तसंच असतं. पुरुषही सोसतात, समलिंगी जोडप्यांतही हिंसा असते. त्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एक फोन नंबर येतो आणि त्या नंबरवर बोलणाऱ्याला त्यांना पुढे कुठे पाठवायचं हे ठाऊक नसतं.

पहिली मोठी चूक म्हणजे घर सोडणं हेच यश मानणं. बहुतेक कार्यक्रमांची रचनाच अशी असते की ती निघाली की केस सुटली आणि ती परत गेली की केस फसली. प्रत्यक्षात घर सोडण्याच्या आसपासचे दिवस आणि त्यानंतरचे काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात. हिंसेच्या मुळाशी ताबा असतो आणि ती निघाली की तोच ताबा हातचा सुटतो. कालपर्यंत थपडा मारणारा आज पाठलाग करतो, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊन उभा राहतो, मुलांना शाळेतून परस्पर घेऊन जातो. अशा वेळी तयारी नसताना "तुम्ही आधी बाहेर पडा" म्हणणं म्हणजे तिला जास्त धोक्यात ढकलणं. आणि ती परत गेली म्हणून पुढच्या खेपेला तिच्याकडे संशयाने पाहिलं, तर ती चौथ्यांदा येतच नाही. परत जाण्यामागे बहुतेक वेळा हिशेब असतो: पैसे संपले, मुलाची परीक्षा आली, किंवा तो कुठे आहे हे कळत नसण्यापेक्षा तो नजरेसमोर असलेला बरा. हा हिशेब मूर्खपणाचा नसतो. तो समजून घेणं हे कामाचा भाग आहे.

धोका मोजण्यातही असाच कच्चेपणा दिसतो. "घरी सुरक्षित वाटतं का?" या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई अनेकदा "हो, आता ठीक आहे" असंच देते, कारण तिच्या दृष्टीने आठवडा बरा गेलेला असतो. जॅकलीन कॅम्पबेल या नर्सिंगच्या संशोधिकेने 1985 मध्ये नेमक्या प्रश्नांची धोका-चाचणी तयार केली. पुढे जोडीदाराकडून झालेल्या खुनांचा आणि खुनाच्या प्रयत्नांचा अनेक शहरांत अभ्यास झाला, त्यात साधारण निम्म्याच स्त्रियांना आपला जीव किती धोक्यात आहे याचा अंदाज आलेला होता असं दिसलं. म्हणजे तिला भीती वाटते तेव्हा ती खरी माना, पण भीती वाटत नाही म्हणून धोका नाही असं मानू नका. विचारायचं ते नेमकं: गेल्या वर्षात मारहाण वाढली का? घरात बंदूक किंवा तसं हत्यार आहे का? तुला किंवा स्वतःला मारून टाकायची धमकी दिली का? गरोदरपणात मारलं का? नको असताना संबंध ठेवायला लावले का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: कधी गळा आवळला का?

गळ्याच्या प्रश्नावर मुद्दाम थांबतो, कारण तो सर्वांत जास्त निसटतो. 2008 च्या एका अभ्यासात, ज्या स्त्रियांचा जोडीदाराने आधी गळा आवळला होता त्यांच्या बाबतीत पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. तरी नोंदवहीत बहुतेक वेळा "धक्काबुक्की" एवढंच लिहिलेलं असतं. एक तर खूण दिसत नाही. सॅन डिएगोमधल्या अशा 300 प्रकरणांच्या तपासणीत निम्म्या जणींच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल अशी काहीच इजा नव्हती. दुसरं, ती स्वतः 'गळा आवळला' म्हणत नाही. "मानेला धरलं", "भिंतीला दाबलं", "श्वास कोंडला होता" असं म्हणते. म्हणून प्रश्न तुकड्यातुकड्यांत विचारावा लागतो. हात कुठे होता, एक की दोन, डोळ्यांपुढे अंधारी आली का, मधला काही वेळ आठवत नाही असं आहे का, कपड्यांत लघवी झाली का, आवाज बसला का, गिळताना दुखतं का. डोळ्यांत किंवा पापण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का, हे उजेडात पाहायचं. यातलं काहीही असेल तर तक्रार लिहायच्या आधी डॉक्टर. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर मेंदूचा झटका (स्ट्रोक) काही दिवसांनीसुद्धा येऊ शकतो. हे प्रश्न विचारायला दहा मिनिटं पुरतात. विचारले जात नाहीत, कारण फॉर्मवर त्यांच्यासाठी रकानाच नसतो.

सुरक्षा-योजनेचंही तेच होतं. छापील कागद हातात देतात: कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड, औषधं, जादाची किल्ली एका पिशवीत ठेवा. सल्ला बरोबर आहे, पण तो कागद घरी सापडला तर त्याच रात्री मार बसतो. आणि आज पिशवीपेक्षा फोन जास्त घात करतो. फोन त्याने घेऊन दिलेला असतो, खातं त्याच्या ईमेलवर असतं, लोकेशन त्याच्या फोनवर दिसत असतं, मुलाच्या टॅबवर तिचे मेसेज उघडलेले असतात. निघण्याच्या दिवशी एकदम सगळं बंद केलं तर त्याला त्याच क्षणी कळतं. आधी सुरक्षित ठिकाणच्या दुसऱ्या फोनवरून नवं ईमेल आणि नवं बँक खातं उघडायचं, जुना फोन नेहमीसारखा चालू ठेवायचा, पुरावे नव्या खात्यात पाठवून जुन्या फोनवरून त्याची खूण पुसायची, आणि पत्ता बदलताना जुना फोन बरोबर न्यायचा नाही. हा क्रम ठाऊक असलेला एक तरी माणूस प्रत्येक केंद्रात हवा. बहुतेक ठिकाणी तो नसतो.

निवारागृहांबद्दल. लंडनमधल्या चिझिक इथलं 1971 चं निवारागृह हे आधुनिक निवारागृहांच्या सुरुवातीचं ठळक नाव. तेव्हापासून कल्पना तशी साधी राहिली: पत्ता गुप्त, दार बंद, आत सुरक्षा. जीव वाचवण्यासाठी ती आजही लागते. युरोप परिषदेच्या शिफारशीत दर 10,000 लोकसंख्येमागे एका कुटुंबापुरती जागा असावी असं माप आहे, आणि त्या मापापासून बरेच देश दूर आहेत. पण फक्त खाटा वाढवून भागत नाही, कारण आतल्या नियमांनी कोण बाहेर राहतं ते पाहावं लागतं. किशोरवयीन मुलगा असेल तर अनेक ठिकाणी प्रवेश नाही, मग आई एक तर मुलाला मागे सोडते किंवा स्वतः मागे राहते. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर नकार, जरी ती सवय मार सोसतासोसताच लागलेली असली तरी. व्हीलचेअर आत जात नाही. मानसिक आजाराची औषधं चालू असली की "आमच्याकडे तेवढे कर्मचारी नाहीत" हे उत्तर. परदेशात गेलेल्या ज्या बायकांचा तिथे राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नावावर आहे, त्यांचा खर्च कुणी द्यायचा यावरच गाडी अडते. म्हणजे ज्यांचे पर्याय सगळ्यात कमी, त्यांनाच दार बंद.

आत गेलेल्यांची घडी मुदत संपताना विस्कटते. कुठे मुदत 30 दिवसांची, कुठे 90. तेवढ्यात नोकरी, भाड्याचं घर, मुलांची शाळा, कोर्टाची तारीख हे सगळं जमवायचं असतं आणि यातली एकही गोष्ट तेवढ्यात होत नाही. कर्ज तिच्या नावावर, पण वापरलेलं त्याने. कामावर सारखी गैरहजेरी म्हणून नोकरी गेलेली. घराच्या डिपॉझिटचे पैसे नाहीत. मग ती परत जाते आणि फायलीत शेरा पडतो: स्वेच्छेने गेली.

अशा वेळी काय उपयोगी पडतं याचा चांगला पुरावा आपल्याकडे आहे, आणि तो वापरला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये क्रिस सुलिव्हन आणि डेबोरा बायबी यांनी निवारागृहातून बाहेर पडणाऱ्या 278 स्त्रियांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्या जणींना 10 आठवडे, आठवड्याला 4 ते 6 तास, एक प्रशिक्षित सोबती दिली. ती समुपदेशन करत नव्हती. बाई सांगेल त्या कामात बरोबर जायची: घर शोधायला, कोर्टात, शाळेत, दवाखान्यात, सरकारी खिडकीवर. दोन वर्षांनी पाहिलं तर सोबत मिळालेल्यांपैकी चारातल्या एकीला त्या काळात पुन्हा मार बसला नव्हता, सोबत न मिळालेल्यांत असं प्रमाण दहातल्या एकीच्या आसपास होतं. चारातली एक हा आकडा लहान वाटेल, पण कामाच्या शेवटच्या दिवसानंतर दोन वर्षं टिकलेला परिणाम या क्षेत्रात फार दुर्मीळ आहे. तरी अनुदान मिळतं ते इमारतीला आणि खाटांना. दार ओलांडल्यानंतरच्या 10 आठवड्यांना मिळत नाही. त्याच्या जोडीला लागतो हाताशी असलेला छोटा, बिनअटीचा निधी, ज्यातून कुलूप बदलणं, प्रवासभाडं, थकलेलं वीजबिल असे खर्च त्याच दिवशी भागतील. तीन सह्यांनंतर पंधरा दिवसांनी मिळालेल्या पैशाने कुलूप बदललं, तर मधले पंधरा दिवस जुनी किल्ली त्याच्याच खिशात असते.

आता त्याच्या बाजूचं. मारणाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत सर्वांत जास्त नक्कल झाली ती अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ शहराच्या पद्धतीची. 1981 मध्ये तिथे जे सुरू झालं ते फक्त पुरुषांचे वर्ग नव्हते. पोलिसांनी कधी अटक करायची, कोर्टाने किती दिवसांत काय करायचं, पुरुष वर्गाला आला नाही तर कुणाला कळवायचं, तिच्याशी कोण बोलत राहणार, हे सगळं एकमेकांत बांधलेलं होतं. वर्ग हा त्यातला एक दुवा होता. जगभर उचलला गेला तो मुख्यतः वर्गच, कारण एक खोली, एक समुपदेशक आणि हजेरीपत्रक एवढ्यात तो उभा राहतो. मग 2004 मध्ये जूलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी 22 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नुसत्या अटक-शिक्षेच्या तुलनेत वर्गामुळे पडणारा जादा फरक साधारण 5 टक्क्यांच्या आसपास निघाला. 2005 च्या दुसऱ्या एका आढाव्यात आणखी बोलकी गोष्ट दिसली. परिणाम पोलिसांच्या नोंदींवरून मोजला तर थोडा फायदा दिसतो, जोडीदाराला विचारून मोजला तर जवळजवळ शून्य. मारहाण न थांबताही तिची तक्रार थांबू शकते. ज्या कार्यक्रमाचा अहवाल फक्त पुन्हा अटक झाली की नाही यावर उभा आहे, त्याच्या यशाच्या टक्केवारीला माझ्या लेखी किंमत नाही.

वर्गात काय बिघडतं हे जवळून पाहू. सुरुवातीच्या सेशनमध्ये ठरलेलं वाक्य येतं: "त्या दिवशी माझा हात उठला." या वाक्यात हात आपोआप उठलेला आहे, माणूस त्यात कुठेच नाही. चालवणाऱ्याने मान डोलावली की तिथेच काम संपलं. चांगला चालवणारा विचारतो: हात कुणी उचलला? त्याआधी दोघं कुठे उभे होते? मुलं कुठे होती? खोलीचं दार उघडं होतं की बंद? कुणी लावलं? असं करत करत वाक्य इथवर येतं: "मी मुलांना बाहेर काढलं, मी दार लावलं, मी टीव्हीचा आवाज वाढवला, मग मी तिला मारलं." हे वाक्य तोंडून निघालं की "रागाच्या भरात भान गेलं" हा बचाव उरत नाही, कारण भान गेलेला माणूस आधी दार लावत नाही. एका माणसाबरोबर इथवर यायला वीसेक मिनिटं लागतात. दोन तासांचं सेशन, 8 ते 12 पुरुष, चालवणारे दोन असतील तर हे जमतं. पंचवीस जण आणि एक समुपदेशक असेल तर व्याख्यान होतं, आणि व्याख्यान ऐकून माणूस फक्त शब्द शिकतो. घरी जाऊन तोच बायकोला म्हणतो, "तू मला ट्रिगर करतेस, मी आता टाइम-आउट घेतोय," आणि तिचं बोलणं अर्ध्यावर तोडून दोन तास बाहेर जातो. जुनीच अरेरावी नव्या शब्दांत.

म्हणूनच राग-नियंत्रणाचे कोर्स या कामाला चालत नाहीत. साहेबांसमोर, पोलिसांसमोर, शेजाऱ्यांसमोर ज्याचा राग व्यवस्थित आवरतो त्याला राग आवरायला शिकवण्यात अर्थ नाही. जोडप्याला एकत्र बसवून केलेलं समुपदेशन तर उघड धोक्याचं. तिने समोर खरं सांगितलं तर घरी जाताना त्याची किंमत मोजावी लागते, आणि खोटं सांगितलं तर समुपदेशकाला सगळं आलबेल दिसतं. युरोप परिषदेच्या 2011 च्या इस्तंबूल कराराने अशा प्रकरणांत सक्तीची मध्यस्थी आणि समेट यांना मनाई करायला सांगितलं आहे ते याच कारणाने. तरी "दोघांना बोलावून समजूत काढू" ही सवय जात नाही.

कोर्स मधेच सोडून जाणं हा वेगळाच रोग आहे. तिघांतला एक किंवा त्याहूनही जास्त पुरुष कोर्स अर्धा सोडतात, आणि सोडणारे बहुतेक तेच असतात ज्यांचा धोका जास्त: बेकार, दारूत बुडालेले, आधीची गुन्हेगारी नोंद असलेले. पुन्हा मारहाण करणाऱ्यांतले बरेच जण ती सुरुवातीच्या महिन्यांतच करतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत तो प्रतीक्षायादीत असतो. आदेश झाल्यापासून पहिल्या सेशनपर्यंत दोन-तीन महिने जातात आणि त्या काळात त्याला कुणीही भेटत नाही. उपाय अवघड नाही. आदेशानंतर आठवड्याच्या आत एक स्वतंत्र मुलाखत, ग्रुप सुरू होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, दारूचं व्यसन असेल तर त्याचे उपचार त्याच वेळी सुरू. दारू सोडली की मारहाण थांबेल असं मात्र गृहीत धरायचं नाही. दारू हे हिंसेचं मूळ नसतं, पण धोका वाढवते हे नक्की. कोर्स किती लांब असावा यावर खूप वाद होतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 52 आठवडे आहेत, इतरत्र त्याच्या निम्मे किंवा कमी. माझ्या मते आठवड्यांच्या संख्येपेक्षा पहिली गैरहजेरी झाल्यावर पुढच्या 24 तासांत काय घडतं, यावर जास्त अवलंबून असतं.

इथेच ती दोन कार्यक्रमांच्या मधली जागा येते. तो कोर्सला जायला लागला हे ऐकून ती परत जाण्याचा विचार करते. कोर्सची पावतीच तो तिला दाखवतो: बघ, मी बदलतोय, आता तक्रार मागे घे. तीन आठवड्यांनी तो यायचा बंद होतो. वर्गाला ते माहीत, तिला माहीत नाही. म्हणून पुरुषांच्या प्रत्येक ग्रुपला तिच्यासाठी वेगळी कार्यकर्ती जोडलेली हवी, तिचा पगार त्याच बजेटमधून हवा. तो दाखल झाल्याच्या आठवड्यात तिला फोन, कोर्समध्ये काय असतं आणि त्यातून कशाची खात्री देता येत नाही हे स्पष्ट सांगायचं, तो गैरहजर राहिला किंवा काढून टाकला तर त्याच दिवशी कळवायचं. त्याच्याबद्दलची माहिती तिच्याकडे जाते, तिची माहिती त्याच्याकडे कधीच नाही. तिने सांगितलेली गोष्ट समुपदेशकाने ग्रुपमध्ये नुसती सूचित जरी केली, तरी ती कुठून आली हे त्याला क्षणात कळतं. अशी एक चूक तिच्या जिवावर बेतू शकते.

सगळ्या यंत्रणांना एका टेबलाशी बसवण्याचा प्रयोग वेल्समध्ये कार्डिफला 2003 मध्ये सुरू झाला आणि पुढे ब्रिटनभर पसरला. पोलिस, आरोग्य, घरे, मुलांचा विभाग आणि तिची बाजू मांडणारी कार्यकर्ती मिळून जास्त धोक्याच्या केसेस पाहतात. पद्धत चांगली आहे. बिघडते तेव्हा अशी: यादी लांबते, एका केसला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, प्रत्येक विभाग माहिती वाचून दाखवतो आणि कुणाच्याच नावावर काम पडत नाही. प्रत्येक कामापुढे एका व्यक्तीचं नाव आणि तारीख नसेल तर ती बैठक फक्त धोक्याची नोंद असते. शिवाय चर्चा तिच्याबद्दल होते आणि तोच माणूस आता कुठे राहतो, कुणाबरोबर राहतो, हे कुणी विचारत नाही. तो नव्या घरात नव्या बाईबरोबर असतो, आणि त्या नव्या बाईला काहीच माहीत नसतं.

मुलांसाठी बहुतेक ठिकाणी खेळणी असतात, कार्यक्रम नसतो. मुलांच्या भेटीगाठींचा आदेश देणारं कोर्ट आणि संरक्षण आदेश देणारं कोर्ट वेगळं असलं, तर एक कोर्ट त्याला 100 मीटर दूर ठेवतं आणि दुसरं दर रविवारी मुलं घ्यायला तिच्या दारात पाठवतं.

शेवटी मोजमाप, कारण जे मोजतात त्यालाच पैसे मिळतात. कोर्स संपल्यावर 6, 12 आणि 24 महिन्यांनी तिला विचारा, तो जवळ नसताना, सुरक्षित नंबरवर, आधी ठरलेल्या खुणेच्या शब्दाने सुरुवात करून. मारहाण झाली का एवढ्यावर थांबू नका. इंग्लंडमध्ये 2015 ला पूर्ण झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चांगल्या कार्यक्रमांनंतर शारीरिक आणि लैंगिक हिंसा खूप कमी झालेली दिसली, पण ताबा आणि छळ तेवढे कमी झाले नव्हते. हात थांबला तरी पैसे कुणाकडे, फोन कोण तपासतं, माहेरी जायला परवानगी लागते का, हे तसंच राहू शकतं. म्हणून विचारायचा प्रश्न असा: "या आठवड्यात अशी कोणती गोष्ट होती, जी करण्याआधी तुम्ही त्याचा मूड पाहिला?" उत्तर शब्दशः लिहून ठेवा, तारखेसह, आणि पुढच्या फोनला तोच प्रश्न पुन्हा विचारा.